इको रिपोर्टमध्ये एव्ही कॅनाल आणि टेट्रॉलॉजी एकत्र आलं तर काय समजायचं

एका बाळाच्या आईवडिलांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच महिन्यांची मुलगी, डाउन सिंड्रोम, इकोमध्ये म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत कम्प्लीट एव्ही कॅनाल आणि त्याच्या जोडीला टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन 86 ते 88 टक्के. एक सर्जन म्हणतात आत्ता छोटा शंट म्हणजे फुफ्फुसाला जास्त रक्त देणारी नळी टाकू, मोठं ऑपरेशन नंतर बघू, दुसरे म्हणतात थांबा, वजन वाढू द्या, एकदाच काय ते पूर्ण करू. आणि शेवटी विचारलंय की दोन मोठे आजार एकाच हृदयात म्हणजे धोका दुप्पट ना, मग आधी एक आणि नंतर दुसरा असं का नाही करत.

मी लहान मुलांच्या हार्ट सर्जरीत 22 वर्षं काम करतोय आणि हा "दुप्पट" वाला प्रश्न मला जवळपास प्रत्येक आईवडिलांनी विचारलाय, कारण रिपोर्टची रचनाच तशी असते, खाली एक दोन तीन चार असे नंबर घालून नावं लिहिलेली असतात आणि माणूस बिल बघितल्यासारखी त्यांची बेरीज करायला लागतो. हृदयाच्या जन्मजात दोषांत बेरीज चालत नाही. एक दोष दुसऱ्याला आवर घालतो, कधी झाकून ठेवतो, कधी दुसऱ्याच्या दुरुस्तीची वाटच अडवून बसतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत एका दोषाने दुसऱ्याला आवर घातलाय, आणि हे ऐकायला विचित्र वाटेल पण आत्ता तरी ते तिच्या फायद्याचं आहे.

कसं ते सांगतो. नॉर्मल हृदयात चार कप्पे, मधे उभा पडदा, आणि वरच्या-खालच्या कप्प्यांच्या मधे उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन स्वतंत्र झडपा. एव्ही कॅनालमध्ये नेमका मधला चौकच तयार होत नाही, म्हणजे वरच्या पडद्याचा खालचा भाग नाही, खालच्या पडद्याचा वरचा भाग नाही आणि दोन झडपांच्या जागी एकच मोठी सामाईक झडप. डाव्या बाजूला प्रेशर जास्त, त्यामुळे रक्त उजवीकडे ढकललं जातं आणि तिथून फुफ्फुसात लोटतं. नुसता एव्ही कॅनाल असलेलं बाळ निळं नसतं, ते धापा टाकतं, दूध पिताना घामाघूम होतं, वजन धरत नाही. त्याहून मोठी भीती फुफ्फुसांची. एवढं रक्त एवढ्या प्रेशरने सतत आत येत राहिलं तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आणि एका हद्दीपलीकडे गेल्या की ऑपरेशनचा उपयोग राहत नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांत हे लवकर होतं, म्हणून नुसता कॅनाल असेल तर आम्ही साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ऑपरेशन करून मोकळे होतो, थांबत नाही.

आता टेट्रॉलॉजी बघा. फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1888 मध्ये याचं नीट वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव. यात मुख्य गोष्ट म्हणजे उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद असतो, त्यामुळे फुफ्फुसात रक्त कमी जातं आणि अशुद्ध रक्त खालच्या पडद्यातल्या छिद्रातून तसंच महाधमनीत घुसतं, म्हणून बाळ निळं दिसतं. म्हणजे कॅनाल फुफ्फुसाकडे जास्त रक्त ढकलतोय आणि टेट्रॉलॉजी तिकडचा दरवाजा ओढून धरतेय. दोन्ही एकत्र आले की फुफ्फुसांना आपोआप संरक्षण मिळतं. सॅच्युरेशन 86 ते 88 याचा अर्थ दरवाजा पुरता बंदही नाही आणि सताड उघडाही नाही. नुसत्या कॅनालला जी सहा महिन्यांची घाई असते ती इथे नाही, त्यामुळे जे सर्जन थांबा म्हणाले ते निष्काळजीपणे बोलले असं अजिबात समजू नका.

मग शंट म्हणणारे चुकले का? तसंही नाही. शंट म्हणजे हाताकडे जाणारी धमनी आणि फुफ्फुसाची धमनी यांच्यामधे एक बारीक नळी जोडायची, म्हणजे अरुंद दरवाजाला वळसा घालून फुफ्फुसाला थोडं जास्त रक्त मिळतं. 1944 मध्ये ब्लेलॉक, हेलन टाउसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये हे पहिल्यांदा केलं, तेव्हा नळी न घालता धमनीच थेट जोडली होती, आणि तोपर्यंत ज्या निळ्या बाळांसाठी काहीच करता येत नव्हतं त्यांना पहिल्यांदा वाट मिळाली (थॉमस हे डॉक्टर नव्हते, लॅब असिस्टंट होते, आणि कुत्र्यांवर ही सगळी टेक्निक त्यांनी बसवली होती, हे बरीच वर्षं कोणी फारसं बोलत नसे). शंट आजही कामाचा आहे. बाळ फारच लहान असेल, सॅच्युरेशन सतत 75 च्या खाली राहत असेल, निळं पडण्याचे अटॅक येत असतील किंवा फुफ्फुसाच्या धमन्या काडीसारख्या बारीक असतील तर मी स्वतः शंटचा विचार करतो, किंवा आता बऱ्याच ठिकाणी कॅथेटरने त्या अरुंद जागेतच स्टेंट बसवतात.

पण नुसत्या टेट्रॉलॉजीत शंट टाकणं आणि कॅनाल असलेल्या टेट्रॉलॉजीत शंट टाकणं यात फरक आहे. शंटमधून फुफ्फुसात गेलेलं जादा रक्त परत हृदयातच येणार, म्हणजे हृदयाला जादा रक्त पेलावं लागणार, कप्पे फुगणार, आणि कप्पे फुगले की ती सामाईक झडप ताणली जाऊन गळायला लागते. आधीच थोडी गळत असेल तर आणखी गळणार, आणि पुढच्या मोठ्या ऑपरेशनचा सगळा निकाल त्या झडपेवरच ठरतो. म्हणून 88 सॅच्युरेशन असलेल्या, अटॅक न येणाऱ्या बाळाला मी तरी शंट टाकणार नाही. अर्थात मी फक्त तुम्ही लिहिलेल्या चार ओळी वाचल्यात, ज्यांनी शंट सांगितलंय त्यांनी कदाचित धमन्या फारच बारीक बघितल्या असतील, म्हणून त्यांना थेट विचारा की शंट कशासाठी, धमन्या वाढवायला की सॅच्युरेशन वाढवायला. उत्तर सरळ आलं तर त्यांच्या सल्ल्यातही तथ्य आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आधी एक मग दुसरं का नाही. समजा आपण फक्त अरुंद दरवाजा मोकळा केला आणि छिद्र तसंच ठेवलं, तर फुफ्फुसात पूर येईल, म्हणजे जे संरक्षण होतं तेच आपण काढून टाकलं. उलट फक्त पडदा शिवला आणि दरवाजा अरुंद ठेवला तर उजव्या कप्प्याला रक्त बाहेर टाकायला जागाच नाही, आतापर्यंत निदान छिद्रातून पलीकडे सुटका होती तीही बंद, बाळाचं हृदय ऑपरेशन टेबलवरच बंद पडेल. हे दोन दोष एकमेकांना टेकून उभे आहेत, एक काढला की दुसरा कोसळतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी, एकाच बैठकीत.

ऑपरेशन कसं होतं ते थोडं खोलात सांगतो, कारण दुर्मिळ जोड्यांमधे अवघड नेमकं काय असतं ते इथे चांगलं दिसतं. छाती मधोमध उघडतात, बाळाला हार्ट-लंग मशीनवर घेतात, आम्ही त्याला नुसतं पंप म्हणतो, शरीर थोडं थंड करतात, महाधमनीला क्लॅम्प लावून हृदय औषधाने थांबवतात आणि उजवा वरचा कप्पा उघडून आत बघतात. नुसत्या कॅनालमध्ये खालच्या पडद्यातलं छिद्र झडपेच्या खालीच, अर्धचंद्रासारखं असतं. टेट्रॉलॉजी जोडीला असली की तेच छिद्र पुढे वर महाधमनीच्या खालपर्यंत पसरतं. त्यामुळे पॅच अर्धगोल कापून चालत नाही, स्वल्पविरामासारखा कापावा लागतो, खाली गोल आणि वर शेपटीसारखा पण रुंद. इथे नवशिक्याची चूक ठरलेली असते, पुढचा भाग कंजूषपणे कापायचा. टाके घालताना छान बसल्यासारखा दिसतो आणि हृदय रक्ताने भरलं की डाव्या कप्प्यातून महाधमनीकडे जाणारा रस्ताच आवळतो. मला माझ्या सरांनी पहिल्या केसला सांगितलं होतं, पॅच मोठा झाला तर कापता येतो, लहान झाला तर रडता येतं. पुढे वरच्या पडद्यासाठी दुसरा पॅच, तो बहुतेक वेळा बाळाच्याच हृदयावरच्या आवरणाचा घेतात, सामाईक झडप या दोन पॅचच्या मधे धरून तिच्या दोन झडपा करायच्या, आणि डाव्या झडपेत जी फट राहते ती टाक्यांनी बंद करायची. हृदयाच्या ठोक्याची वायर इथे नेहमीच्या जागेपेक्षा मागे आणि खाली सरकलेली असते, तिच्यावर एक टाका पडला की कायमचा हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा सिग्नल खालच्या कप्प्यांना पोचत नाही, आणि पेसमेकर, म्हणून त्या कोपऱ्यात सगळ्यांचा हात हळू चालतो.

या सामाईक झडपेच्या प्रकारांना ए, बी, सी अशी नावं आहेत, तुमच्या रिपोर्टमध्ये "रास्तेली टाइप सी" असं लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे कारण टेट्रॉलॉजीसोबत बहुतेक तोच असतो. ही वर्गवारी जियानकार्लो रास्तेली या मेयो क्लिनिकमधल्या इटालियन डॉक्टरची, आणि उजव्या कप्प्याला नळी जोडायचं जे रास्तेली ऑपरेशन आहे तेही त्याचंच. 1970 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी तो कॅन्सरने गेला. एवढ्याशा आयुष्यात दोन गोष्टी अशा करून गेला की आजही आमच्या रोजच्या बोलण्यात त्याचं नाव येतं.

पडदा झाला, आता दरवाजा. नुसत्या टेट्रॉलॉजीत फुफ्फुसाची झडप अगदीच लहान असेल तर ती उभी कापून वर पॅच लावून मोकळी करतात, झडप मग गळते पण उजवा कप्पा बरीच वर्षं ते सहन करतो. कॅनालवाल्या मुलांत ही सवलत नाही. त्यांची उजवी झडपही आपणच कापडातून कपडा बेतल्यासारखी बनवलेली असते, ती थोडी गळणारच. उजव्या कप्प्याला येताना गळकी झडप आणि जाताना पण गळकी झडप असं झालं की तो बिचारा रक्त पुढे ढकलूच शकत नाही, मूल आयसीयूत अडकतं, लिव्हर सुजतं, पोटात पाणी होतं. त्यामुळे फुफ्फुसाची झडप वाचवायचा आम्ही आटापिटा करतो, वेळप्रसंगी थोडा अरुंदपणा शिल्लक ठेवतो पण झडप ठेवतो. अगदीच जमलं नाही तर एका पाकळीची तात्पुरती झडप शिवतो किंवा झडप असलेली नळी घालतो, जी मूल मोठं झाल्यावर बदलावी लागणार हे ठरलेलं. तर तुमच्या सर्जनना हा एक प्रश्न नक्की विचारा, की फुफ्फुसाच्या झडपेचं माप काय आहे आणि ती वाचेल असं वाटतं का. मला विचाराल तर अख्ख्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे.

डाउन सिंड्रोमबद्दल एक गैरसमज नातेवाईकांकडून हमखास ऐकायला मिळतो की "अशा मुलांना ऑपरेशन झेपत नाही". कॅनालच्या पूर्ण दुरुस्तीत डाउन सिंड्रोममुळे निकाल वाईट लागत नाही, उलट या मुलांच्या झडपेचं कापड बऱ्याचदा चांगलं असतं. त्यांना त्रास होतो तो श्वासनलिकेचा, इन्फेक्शनचा आणि फुफ्फुसातल्या प्रेशरचा, आणि थायरॉइड आधी तपासून घ्यावा लागतो. नातेवाईकांना नमस्कार करा आणि पुढे चला.

आवर घालणारा दोष झाला, आता झाकून ठेवणारा, कारण दुर्मिळ जोड्यांतला खरा दगाफटका तिथे असतो. काही मुलांमधे शरीराची डावी-उजवी बाजूच ठरलेली नसते, त्याला हेटरोटॅक्सी म्हणतात. त्यातल्या उजव्या प्रकारात दोन्ही बाजू उजव्यासारख्या, प्लीहा नसते, हृदयात सामाईक झडप, फुफ्फुसाकडचा रस्ता अरुंद किंवा बंद, आणि फुफ्फुसातून शुद्ध रक्त परत आणणाऱ्या शिरा डाव्या कप्प्यात न येता भलतीकडेच जोडलेल्या, ज्याला टीएपीव्हीसी म्हणतात. आता समजा त्या शिरांमधे वाटेत कुठे आवळ आहे. फुफ्फुसात मुळात रक्तच थोडं जातंय म्हणून तो आवळ जाणवत नाही, इकोवरही नीट दिसत नाही. बाळ निळं आहे म्हणून प्रोस्टाग्लँडिनची, म्हणजे फुफ्फुसाकडची जन्माआधीची वाट उघडी ठेवणाऱ्या औषधाची, ड्रिप सुरू करतात किंवा शंट टाकतात, फुफ्फुसात भरपूर रक्त जायला लागतं आणि परतीची वाट तुंबलेली, काही तासांत फुफ्फुसात पाणी. धरणाचं दार उघडलं पण खाली कालवा गाळाने भरलेला, तसं. म्हणून अशा बाळात शंटच्या आधी त्या चारही शिरा कुठून कुठे जातात हे सीटीवर बघितल्याशिवाय हात लावू नये, आणि आवळ असेल तर शंट आणि शिरांची दुरुस्ती एकत्रच करावी लागते, जे लहान बाळातल्या सगळ्यात जोखमीच्या ऑपरेशनांपैकी एक आहे हे मी गोड करून सांगणार नाही. आणि प्लीहा नसल्याने या मुलांना न्यूमोकोकसच्या लसी आणि रोजचं अँटिबायोटिक विसरायचं नाही, हृदय छान दुरुस्त होऊन मूल साध्या तापाने गेल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

झाकलेल्या दोषाची माझ्या डोळ्यासमोर घडलेली एक केस सांगतो, तेव्हा मी ज्युनियर होतो. सहा महिन्यांचं बाळ, मोठं व्हीएसडी म्हणजे खालच्या पडद्यात छिद्र, बाकी काही नाही असा रिपोर्ट. छिद्र बंद केलं, क्लॅम्प काढला, आणि हृदय पंपावरून उतरेचना, डावा कप्पा नुसता हलत होता. तपासलं तर डावी कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी धमनी, महाधमनीतून निघायच्या ऐवजी फुफ्फुसाच्या धमनीतून निघत होती, अल्कापा म्हणतात त्याला. छिद्र मोठं होतं तोपर्यंत फुफ्फुसाच्या धमनीत महाधमनीइतकंच प्रेशर होतं म्हणून त्या कोरोनरीला रक्त मिळत राहिलं, ईसीजीसुद्धा साधा दिसत होता. आम्ही छिद्र बुजवलं, प्रेशर पडलं, आणि हृदयाच्या स्नायूचं खाणंच बंद झालं. परत क्लॅम्प, कोरोनरी तिथून बटणासारखी कापून महाधमनीत लावली. मूल वाचलं पण तीन आठवडे आयसीयूत होतं. त्या दिवसापासून इको कितीही साधा असला तरी दोन्ही कोरोनरी कुठून निघतात हे डोळ्यांनी दाखवा असं मी इकोवाल्यांच्या मागे लागतो, ते वैतागतात, वैतागू देत. टेट्रॉलॉजीतही हेच, काही मुलांत डाव्या कोरोनरीची पुढची मोठी फांदी उजव्या कोरोनरीतून निघून बरोबर त्याच जागेवरून आडवी जाते जिथे आपल्याला दरवाजा मोकळा करायला काप घ्यायचा असतो, मग काप घेता येत नाही आणि वरून नळी टाकावी लागते. तुमच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये कोरोनरीबद्दल एक ओळ असायलाच हवी, नसेल तर विचारा.

तुम्ही जाता जाता विचारलंय की ओळखीच्यांच्या मुलाला "करेक्टेड ट्रान्सपोझिशन, व्हीएसडी, पीएस" आहे आणि तो सात वर्षांचा होऊन शाळेत जातोय, कोणी ऑपरेशनची घाई करत नाही, हे कसं. ते पण आवर घालण्याचंच उदाहरण. त्यात वरचे आणि खालचे कप्पे चुकीचे जोडलेले आणि धमन्याही उलट्या, दोन चुका मिळून रक्ताचा रस्ता बरोबर होतो, फक्त शरीराला रक्त पुरवायचं काम उजव्या कप्प्याच्या गळ्यात पडतं जो त्यासाठी बनलेलाच नाही. व्हीएसडी आणि पीएस म्हणजे फुफ्फुसाकडचा अरुंद रस्ता, दोन्ही नेमक्या मापाचे असतील तर मूल वर्षानुवर्षं बरं राहतं. सुधारायचं असेल तर दोन मार्ग. एक, फक्त छिद्र बंद करून नळी घालायची आणि उजव्या कप्प्यालाच शरीराचं काम करत ठेवायचं. दुसरा, वरच्या कप्प्यांत सेनिंग करून रक्ताची दिशा फिरवायची आणि खाली रास्तेली, म्हणजे डावा कप्पा शेवटी महाधमनीला जोडला जातो. दुसरं ऑपरेशन लांबलचक, थकवणारं, पण माप जुळत असेल तर मला तेच पटतं. या आजारात ठोक्याची वायरही भलत्याच जागी असते आणि काहीच न करताही दर वर्षी साधारण 2 टक्के रुग्णांना आपोआप हार्ट ब्लॉक होतो, त्यामुळे त्या मुलाचा ईसीजी दर वर्षी व्हायलाच हवा, तो हिंडतोय फिरतोय म्हणून सोडू नका.

डीओआरव्ही हे नाव तर मला रिपोर्टमधलं सगळ्यात निरुपयोगी नाव वाटतं. दोन्ही मोठ्या धमन्या उजव्या कप्प्यातून निघतात एवढंच ते सांगतं. छिद्र महाधमनीखाली असेल तर ते टेट्रॉलॉजीसारखं वागतं, फुफ्फुसाच्या धमनीखाली असेल तर ट्रान्सपोझिशनसारखं, म्हणजे दोन मोठ्या धमन्या उलटसुलट निघाल्यासारखं, त्याला टाउसिग-बिंग म्हणतात आणि त्यासोबत महाधमनीची कमान अरुंद असणं काही दुर्मिळ नाही. तिथे धमन्यांची अदलाबदल, जी जाटेनी यांनी 1975 मध्ये यशस्वी केली, ती, छिद्र बंद करणं आणि कमान रुंद करणं तिन्ही एकाच दिवशी. आणि छिद्र दोन्हींपासून लांब असेल तर कधी कधी दोन कप्प्यांची दुरुस्ती होतच नाही.

तेव्हा एका कप्प्याचा मार्ग येतो, ज्याचं शेवटचं ऑपरेशन म्हणजे फोंटान, त्यात शरीरातून परत येणारं अशुद्ध रक्त थेट फुफ्फुसाच्या धमनीत सोडतात. बरेच पालक याला अर्धवट ऑपरेशन समजतात आणि हट्ट धरतात की काहीही करून दोन कप्पे करा. करता येतात, पण खेचून ताणून, लांब बोगद्यासारखे पॅच घालून केलेली दुरुस्ती दोन-तीन वर्षांत आवळत गेली आणि मुलाला परत परत उघडावं लागलं तर त्यापेक्षा चांगला फोंटान बरा, दगडापेक्षा वीट मऊ. पण फोंटानला फुफ्फुसातलं प्रेशर कमीच लागतं कारण तिथे फुफ्फुसात रक्त ढकलायला पंपच नसतो, आणि वर्षांनुवर्षं लिव्हरवर ताण येतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत फुफ्फुसातलं प्रेशर चढं राहण्याकडे कल असल्याने तो मार्ग त्यांना कमी मानवतो. म्हणून तुमच्या मुलीचे दोन्ही खालचे कप्पे बऱ्यापैकी सारखे आहेत ना, म्हणजे रिपोर्टमध्ये "बॅलन्स्ड" हा शब्द आहे ना, हे आधी बघा. तो असेल तर निम्मी काळजी मिटली.

ट्रंकस (दोन मोठ्या धमन्यांच्या जागी एकच) आणि महाधमनीची तुटलेली कमान यावर विचारलं नाहीये म्हणून लांबण लावत नाही, एकच सांगतो की ट्रंकस, तुटलेली कमान, टेट्रॉलॉजी अशा घराण्यातले दोष दिसले की 22क्यू11 डिलिशनची, म्हणजे 22 नंबरच्या क्रोमोझोमचा छोटा तुकडा गायब आहे का याची, जेनेटिक टेस्ट करावी, त्या बाळांत कॅल्शियम घसरून झटके येतात आणि रक्त द्यायचं तर रेडिएशन केलेलंच द्यावं लागतं. तुमच्या मुलीचं कारण माहीत आहे त्यामुळे तिला ती गरज नाही, मात्र पुढच्या बाळाचा विचार असेल तर आईवडिलांचं क्रोमोझोमचं काउन्सेलिंग आणि 18 ते 22 आठवड्यांत फीटल इको हे दोन्ही करा.

आता थांबायचं ठरलं तर घरी काय करायचं. रडताना, अंघोळीनंतर किंवा सकाळी उठल्यावर ती अचानक गडद निळी पडून जोरजोरात श्वास घ्यायला लागली तर तिला कुशीत घेऊन दोन्ही गुडघे छातीशी दाबून धरा, शांत करा आणि हॉस्पिटल गाठा, पाच मिनिटांत बरी झाली तरी गाठा, कारण एक अटॅक आला की थांबण्याचा सगळा हिशोब बदलतो. जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, त्यानेही अटॅक येतो. हिमोग्लोबिन तपासा, निळ्या बाळात 11 हे नॉर्मल नसतं, ते कमी असतं, आणि लोह सुरू करून ते 13-14 वर आणलं तरी बरीच मुलं शांत होतात. अटॅक टाळण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिलं असेल तर डोस चुकवू नका, आणि ती दूध पीत नसेल त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊही नका, साखर उतरते.

तिसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त जाताना छापील रिपोर्ट घेऊन जाऊ नका, तो कोणीतरी दुसऱ्याने बघून लिहिलेला सारांश असतो. इकोच्या मूळ क्लिप्स आणि सीटी झाला असेल तर त्याच्या पूर्ण फाइल्स पेनड्राइव्हवर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि समोरच्या सर्जनला सांगा की आधी हे बघा, रिपोर्ट नंतर दाखवतो.